गियोम दुशेन

गियोम-बेंजामें-आमां दुशेन (जन्म : १७ सप्टेंबर १८०६, बूलोन-सूर-मेर, मृत्यू : सप्टेंबर १८७५, पॅरिस) हे फ्रेंच डॉक्टर व मज्जातंतुविकारांचे अभ्यासक होते. कातडीला सुई न टोचता, बाहेरूनच विजेचा प्रवाह एखाद्या ठरावीक स्नायूपर्यंत किंवा मज्जातंतूपर्यंत पोहोचवण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. या पद्धतीला त्यांनी ‘स्थानिक विद्युतीकरण’ असे नाव दिले. मज्जातंतूंना विजेने उद्दीपित करून रोगांवर इलाज करण्याच्या आजच्या शास्त्राची सुरुवात सामान्यतः त्यांच्या कार्यापासून मानली जाते. मुलग्यांमध्ये आढळणारा एक गंभीर आनुवंशिक स्नायुविकार ‘दुशेन स्नायुक्षय’ म्हणून त्यांच्या नावाने ओळखला जातो.

दुशेन विजेकडे वळले ते उपचाराच्या आशेने. प्रत्यक्षात त्यांच्या हातातील वीज रोग बरा करण्यापेक्षा रोग ओळखण्यासाठी अधिक उपयोगी ठरली. हा बदल त्यांच्या हयातीतच घडून आला, आणि त्यांच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे.

== सुरुवातीचे जीवन ==

बूलोन-सूर-मेर हे उत्तर फ्रान्समधील इंग्लिश खाडीवरचे बंदर. दुशेन यांचे घराणे पिढ्यानपिढ्या समुद्रावर जगणारे होते. वडील जां दुशेन यांनी नेपोलियनच्या काळातील युद्धांत शत्रूची व्यापारी जहाजे पकडणाऱ्या जहाजाचे नेतृत्व केले होते व त्याबद्दल त्यांना ‘लेजिओं द’ऑनर’ हा सन्मान मिळाला होता. मुलानेही दर्यावर्दी व्हावे अशी त्यांची इच्छा होती. मुलाचा ओढा मात्र विज्ञानाकडे होता. दुए येथे शालेय शिक्षण पूर्ण करून गियोम पॅरिसला वैद्यकाच्या शिक्षणासाठी गेले. लाएनेक, द्युप्वित्रां, माजांदी आणि क्रुव्हेल्ये अशा त्या काळच्या नामवंतांच्या हाताखाली त्यांनी शिक्षण घेतले. भाजण्याच्या जखमांवर प्रबंध लिहून १८३१ मध्ये त्यांनी पदवी मिळवली आणि गावी परतून व्यवसाय सुरू केला.

त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. दोन वर्षांनी पत्नी बाळंतज्वराने वारली. प्रसूतीच्या वेळी दुशेन एकटेच जवळ होते, हे निमित्त होऊन सासरच्या मंडळींनी मृत्यूचा ठपका त्यांच्यावर ठेवला. गावात कुजबुज वाढली, व्यवसायाला उतरती कळा लागली आणि नवजात मुलगा एमील आजोळीच वाढला. बापलेकांची ताटातूट जवळजवळ तीस वर्षे टिकली. १८३९ मध्ये दुशेन यांनी दुसरा विवाह केला, पण तोही टिकला नाही.

याच खडतर काळात त्यांचा विजेशी संबंध आला. माजांदी आणि सार्लांदियेर यांनी ‘विद्युत्-सूचिका’ नावाची पद्धत प्रचारात आणली होती. तीत शरीरात सुया खुपसून त्यांमधून वीज सोडली जाई. १८३५ च्या सुमारास दुशेन यांनी चेहऱ्याच्या मज्जातंतुशूलावर ही पद्धत वापरून पाहिली. सुईमुळे होणारी इजा आणि प्रवाहाचा भोवतालच्या भागात होणारा फैलाव या तिच्या दोन्ही उणिवा त्यांच्या लक्षात आल्या. मात्र सुई जेथे लागते तेथील एखादाच स्नायू आकसतो, हेही त्यांनी टिपले. पुढील सर्व संशोधनाचे बीज या निरीक्षणात होते.

== पॅरिसमधील वास्तव्य ==

१८४२ मध्ये दुशेन पॅरिसला स्थलांतरित झाले. तेथे त्यांना ना रुग्णालयात नेमणूक मिळाली, ना विद्यापीठात अध्यापनाचे पद. शेवटपर्यंत ती मिळाली नाही. खासगी रुग्णांवर उपजीविका चालवून उरलेला वेळ ते शहरातील मोठ्या रुग्णालयांत घालवीत. विजेचे यंत्र बरोबर घेऊन ते एका कक्षातून दुसऱ्या कक्षात जात आणि लक्षणीय रुग्ण आढळला की त्याची बारकाईने विचारपूस करून तपासणी करीत. रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात हलवला गेला तर तेही त्याच्या मागोमाग तेथे जात. एकाच रुग्णाचा वर्षानुवर्षे असा पाठपुरावा करणे त्या काळी नवे होते. सावकाश वाढत जाणाऱ्या रोगांचा पूर्ण आलेख त्यांना मांडता आला तो या चिकाटीमुळेच.

गावाकडचे उच्चार, अवघडलेले बोलणे आणि कोणतेही पद नसलेल्या माणसाचा हा अनाहूत वावर यांमुळे सुरुवातीला त्यांची थट्टा झाली. पुढे त्रूसो आणि शार्को यांसारख्या मान्यवर चिकित्सकांनी त्यांची बाजू घेतली. साल्पेत्रियेर रुग्णालयात मज्जातंतुविज्ञानाचा पाया घालणारे शार्को त्यांना या विषयातील आपले गुरू मानीत. पॅरिसमध्ये दुशेन नावाशी मिळतेजुळते आडनाव असलेले दुसरे एक डॉक्टर होते. घोटाळा टाळण्यासाठी ते आपल्या नावापुढे गावाचे नाव जोडू लागले आणि वैद्यकीय वाङ्मयात ‘दुशेन द बूलोन’ हेच नाव रूढ झाले.

== स्थानिक विद्युतीकरण ==

१८३१ मध्ये मायकेल फॅराडे यांनी विद्युत्-प्रवर्तनाचा शोध लावला आणि त्यावर आधारलेली वेटोळ्यांची छोटी यंत्रे लवकरच उपलब्ध झाली. या यंत्रांतून मिळणारा, क्षणोक्षणी तुटणारा व जुळणारा प्रवाह दुशेन यांनी पसंत केला. फॅराडे यांच्या गौरवार्थ या उपचाराला त्यांनी ‘फॅराडायझेशन’ हे नाव दिले.

कोरडे इलेक्ट्रोड कोरड्या कातडीवर धरले तर विजेचा परिणाम कातडीपुरताच राहतो, तेथे ठिणग्या उडतात व झोंबते. इलेक्ट्रोडचे टोक आणि कातडी दोन्ही ओली केली, तर प्रवाह कातडीला फारसे न चाळवता खालच्या स्नायूपर्यंत जातो. ओल्या स्पंजाने मढवलेले दोन इलेक्ट्रोड जवळजवळ ठेवून दाब आणि प्रवाहाची तीव्रता कमीजास्त केली, की शेजारच्या स्नायूंना धक्का न लावता हवा तो एकच स्नायू आकसवता येतो. मज्जातंतूच्या मुख्य खोडावर इलेक्ट्रोड ठेवल्यास त्याच्या अखत्यारीतील सर्व स्नायू एकदम हालतात. स्नायूच्या मांसल भागावर ठेवल्यास केवळ तोच हालतो. ही तत्त्वे दुशेन यांनी १८४७ पासून शास्त्रीय अकादमीपुढे मांडली व १८५५ मध्ये ‘द लेलेक्त्रिझासियों लोकालिझे’ या ग्रंथात सविस्तर प्रसिद्ध केली. ग्रंथाच्या १८६१ व १८७२ च्या आवृत्त्यांत त्यांनी इतकी भर घातली, की त्या जवळजवळ स्वतंत्र ग्रंथच झाल्या.

या सिद्धान्ताला बर्लिनच्या रॉबर्ट रेमाक यांनी विरोध केला. दुशेन यांना स्नायूवर सापडणारे ‘उत्तम’ ठिकाण म्हणजे मज्जातंतू स्नायूत शिरतो ती जागा होय. त्यामुळे उद्दीपित होतो तो मज्जातंतू, स्नायू नव्हे, असे रेमाक यांचे प्रतिपादन होते. उपचारासाठीही ते अखंड वाहणाऱ्या गॅल्व्हानी प्रवाहाचे पुरस्कर्ते होते. दोघांमधील वाद बराच कडवट झाला. पुढे त्सीम्सेन यांनी शवविच्छेदन करून या जागांचे नकाशे तयार केले आणि शरीररचनेच्या मुद्द्यावर रेमाक यांचे म्हणणे खरे ठरले. तरीही हव्या त्या स्नायूची नेमकी हालचाल बाहेरून घडवता येते, हा दुशेन यांचा मूळ दावा अबाधित राहिला. भौतिकोपचारतज्ज्ञ आज ज्यांना ‘प्रेरक बिंदू’ म्हणतात, त्या जागा याच वादातून निश्चित झाल्या.

== निदानाचे साधन ==

हात लुळा पडला असेल तर दोष मेंदूत आहे, मेरुरज्जूत आहे, मज्जातंतूत आहे की स्नायूत, हे रुग्ण जिवंत असताना ओळखण्याचे खात्रीचे साधन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नव्हते. दुशेन यांनी लुळ्या पडलेल्या स्नायूंना एकेक करून वीज देण्यास सुरुवात केली. मेंदूतील रक्तस्रावामुळे झालेल्या पक्षाघातात रुग्णाला स्वतःचा हात हलवता येत नाही, पण विजेने त्याचे स्नायू नेहमीसारखे आकसतात. मज्जातंतूला इजा झाली असेल तर काही दिवसांत तो प्रतिसाद नाहीसा होतो. शिशाच्या विषबाधेत मनगट व बोटे वर उचलणारे स्नायू प्रतिसाद देईनासे होतात. रंगारी आणि शिशाशी संबंध येणारे इतर कारागीर यांच्यात हा विकार तेव्हा सर्रास आढळे, त्यामुळे या निरीक्षणाला व्यवहारात मोठे मोल होते.

चेहऱ्याच्या लकव्यातही ही चाचणी उपयोगी पडली. विजेला प्रतिसाद टिकून असेल तर चेहरा लवकर पूर्ववत होण्याची शक्यता अधिक, आणि तो हरपला असेल तर सुधारणेला विलंब लागणार किंवा ती अपुरी राहणार, असा अंदाज बांधता येऊ लागला.

प्रवर्तित प्रवाहाचे ठोके अतिशय अल्पकालीन असतात. ते मज्जातंतूला चेतवण्यास पुरेसे असले तरी मज्जातंतूशी संबंध तुटलेल्या स्नायूला चेतवू शकत नाहीत. त्याला अधिक वेळ टिकणारा प्रवाह लागतो. हा फरक १८६८ च्या सुमारास व्हिल्हेल्म एर्ब यांनी स्पष्ट केला आणि त्यातून मज्जातंतूंच्या विद्युत्-परीक्षणाची पद्धत पुढे विकसित झाली. रेमाक यांचा आक्षेप खरा होता आणि दुशेन यांची चाचणीही खरी होती, या दोन्ही गोष्टींचा मेळ येथे बसतो : त्यांची वीज बहुतांशी मज्जातंतूवरच काम करीत होती, आणि म्हणूनच मज्जातंतू निकामी झाल्याचे तिच्यामुळे कळत होते.

== उपचार व त्याच्या मर्यादा ==

दुशेन यांनी उपचार करणे कधीच सोडले नाही. इजेनंतर मज्जातंतू पुन्हा जोडला जात असता वापराविना स्नायू वाळू नयेत, लकव्यातून उठणाऱ्या रुग्णाची हालचाल परत यावी, यासाठी ते विजेचा वापर करीत. लहान मुलांतील अर्भकपक्षाघातातही, म्हणजे ज्याला आज पोलिओ म्हणतात त्या रोगातही, शिल्लक राहिलेले स्नायुतंतू टिकवण्याचा त्यांचा प्रयत्न असे. विजेने काम भागत नसेल तेथे ते स्प्रिंगा व पट्टे बसवलेली आधारसाधने तयार करीत. दुबळ्या स्नायूचे काम स्प्रिंगेकडून करून घेणे हे त्यांमागील सूत्र होते. श्वास कोंडलेल्या माणसाच्या मानेतील मध्यपटल-मज्जातंतूला वीज देऊन श्वासोच्छ्वास चालू करावा, ही कल्पनाही त्यांच्या ग्रंथात आढळते.

त्या काळच्या पॅरिसमध्ये विजेच्या यंत्राने वाटेल तो रोग बरा करण्याची हमी देणाऱ्यांची वाण नव्हती. दुशेन त्यांच्यापेक्षा निराळे होते, कारण कोणत्या रुग्णाला गुण आला आणि कोणाला नाही, याची नोंद ते ठेवीत. तरीही आशावादापासून ते पूर्णपणे मुक्त नव्हते. वाढत जाणाऱ्या स्नायुक्षयातही अगदी सुरुवातीच्या अवस्थेत विजेचा फायदा होतो, असे त्यांचे मत होते. या रोगाविषयी पुढे मिळालेले ज्ञान त्याला पुष्टी देत नाही.

== रोगांची वर्णने ==

हातापायांचे स्नायू क्रमाक्रमाने वाळत जाण्याच्या विकारावर दुशेन यांनी १८४९ मध्ये टिपण सादर केले. १८५० मध्ये आरां यांनी त्याच विकारावर लेख प्रसिद्ध केला, त्यामुळे अग्रक्रमाचा प्रश्न निर्माण झाला; आता दोघांचीही नावे त्या विकाराला जोडलेली आहेत. दोघेही आरंभी दोष स्नायूंतच आहे असे मानत होते. मेरुरज्जूतून निघणारी पुढची मुळे क्षीण झाल्याचे क्रुव्हेल्ये यांनी शवविच्छेदनात दाखवून दिले.

१८५८-५९ मध्ये त्यांनी चालण्यातील ताळमेळ नाहीसा होणाऱ्या विकाराचे वर्णन केले. असे रुग्ण पक्षाघाताचे समजले जात. दुशेन यांनी शक्तिमापकाने त्यांच्या स्नायूंची ताकद मोजली व ती जवळजवळ शाबूत असल्याचे दाखवले; बिघडलेला असतो तो हालचालींचा मेळ. बर्लिनच्या रोम्बेर्ग यांनी या विकाराविषयी आधीच लिहिले होते, परंतु ताकद आणि ताळमेळ यांतील भेद इतक्या स्पष्टपणे मांडला तो दुशेन यांनी. १८६० मध्ये जीभ, ओठ व घसा यांच्या वाढत्या पक्षाघाताचे, तर १८७२ मध्ये प्रसूतीच्या वेळी बाळाच्या खांद्याजवळील मज्जातंतू ताणले गेल्याने होणाऱ्या पक्षाघाताचे वर्णन त्यांनी केले. दुसऱ्या विकाराला एर्ब-दुशेन पक्षाघात म्हणतात.

ज्या रोगामुळे त्यांचे नाव आज घरोघरी पोहोचले, त्याचा पहिला उल्लेख त्यांनी १८६१ च्या आवृत्तीत केला. मुलगा चालायला उशिरा शिकतो, वरचेवर पडतो, पोट पुढे काढून डुलत चालतो. त्याच्या पोटऱ्या मात्र एखाद्या पहिलवानासारख्या भरलेल्या दिसतात. दुशेन यांनी प्रथम मेंदूतील दोष हे कारण मानले. ते तपासण्यासाठी त्यांनी एक पोकळ सुई तयार केली. ती दंडात किंवा पोटरीत घालून जिवंत रुग्णाच्या स्नायूचा कण बाहेर काढता येई. वेगवेगळ्या काळी घेतलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहता फुगीर पोटऱ्यांत स्नायूची जागा तंतुमय ऊतक आणि चरबी घेत असल्याचे दिसले. १८६८ मध्ये १३ रुग्णांच्या अभ्यासावर आधारित लेखमालेत त्यांनी आपले पूर्वीचे मत सोडून दिले व रोगाचे स्थान स्नायूत असल्याचे सांगितले. जिवंत रुग्णाच्या ऊतकाची अशी तपासणी हा बायॉप्सीच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा समजला जातो. लंडनचे एडवर्ड मेरियन यांनी १८५१-५२ मध्येच या रोगाचे उत्तम वर्णन केले होते. त्यांचे नाव मागे पडले, हा अन्यायच म्हणावा लागेल.

== चेहऱ्यावरील प्रयोग ==

१८६२ मध्ये दुशेन यांचा ‘मेकानिस्म द ला फिझिओनोमी युमेन’ हा छायाचित्रांसह ग्रंथ प्रसिद्ध झाला. चेहऱ्यावरील एकेक स्नायू विजेने आकसवून कोणत्या भावनेचा भास होतो, हे त्यात दाखवले आहे. छायाचित्रे त्यांनी स्वतः व आद्रियां तूर्नाशों यांच्या साहाय्याने काढली. तूर्नाशों हे प्रसिद्ध छायाचित्रकार नादार यांचे बंधू. मुख्य प्रयोग एका दात गेलेल्या, कृश वृद्धावर झाले. त्याच्या चेहऱ्याची संवेदना विकारामुळे मंदावली होती, त्यामुळे वेदना न होता प्रयोग करता येत. भीतीने विस्फारलेला चेहरा, त्यामागे इलेक्ट्रोड धरलेले डॉक्टरांचे हात, आणि आत मात्र भीतीचा लवलेश नाही, अशी ही चित्रे पाहताना आजचा वाचक अस्वस्थ होतो.

या प्रयोगांतील सर्वांत टिकाऊ निष्कर्ष हास्याविषयी आहे. ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू विजेने आकसवला तर चेहरा हसतो, पण ते हसू खोटे भासते. खऱ्या आनंदात डोळ्यांभोवतीचा वलयाकार स्नायूही आकसतो आणि तो सहसा इच्छेच्या ताब्यात नसतो, असे दुशेन यांनी नोंदवले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी अशा हास्याला ‘दुशेन हास्य’ हे नाव दिले. काही व्यक्तींना हा स्नायू जाणूनबुजून आकसवता येतो, असे नंतरच्या संशोधनात दिसून आले आहे.

चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भावाभिव्यक्तीवरील ग्रंथात दुशेन यांच्या परवानगीने ही छायाचित्रे वापरली. भावनेचे नाव न सांगता त्यांनी ती वीसहून अधिक व्यक्तींना दाखवली. काही चित्रांबाबत बहुतेकांची उत्तरे जुळली, काहींबाबत मुळीच जुळली नाहीत. एका स्नायूला एक भावना हा दुशेन यांचा सरळ हिशेब सर्वत्र लागू पडत नाही, हे त्यातूनच सूचित झाले. शिल्पकारांनी व चित्रकारांनीही या शास्त्राचा आधार घ्यावा असा दुशेन यांचा आग्रह होता. लाओकून या प्राचीन शिल्पाच्या कपाळावरील आठ्या शरीररचनेनुसार अशक्य आहेत, असे त्यांनी दाखवून दिले होते.

== हालचालींचे शास्त्र ==

१८६७ मधील ‘फिझिओलोजी दे मूव्हमां’ हा ग्रंथ डॉक्टरांच्या दृष्टीने कदाचित अधिक मोलाचा आहे. शरीरातील जवळजवळ प्रत्येक वरवरचा स्नायू विजेने चेतवून आणि तोच स्नायू निकामी झालेल्या रुग्णाशी तुलना करून त्यांनी त्याचे काम निश्चित केले. हाताच्या पंजातील आंतरास्थी स्नायू बोटांचे पहिले पेर वाकवतात आणि पुढची दोन पेरे सरळ करतात. ते लुळे पडले की हात पक्ष्याच्या नखीसारखा आखडतो. मध्यपटल केवळ खाली जात नाही, तर खालच्या फासळ्यांना बाहेरही ढकलते. एकटा स्नायू आकसवणे हा प्रयोगशाळेतील प्रकार असून प्रत्यक्ष हालचालीत अनेक स्नायू एकत्र काम करतात, हे त्यांनी स्वतःच बजावून ठेवले आहे.

== अखेरची वर्षे ==

मुलगा एमील पॅरिसला आला तो स्वतः डॉक्टर होऊन. १८६० च्या दशकात बापलेकांचा समेट झाला व दोघे एकत्र काम करू लागले. अर्भकपक्षाघातावरील एमील यांचा अभ्यास १८६४ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रान्स-प्रशिया युद्धात पॅरिसला वेढा पडला त्या काळात एमील विषमज्वराने वारले. या आघातातून दुशेन पुरते सावरले नाहीत. १८७५ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी आपली छायाचित्रे पॅरिसच्या ललितकला विद्यालयाला दिली होती. परदेशांतील अनेक विद्वत्सभांनी त्यांना सदस्यत्व दिले. फ्रान्समधील वैद्यकीय अकादमीचे दार मात्र त्यांच्यासाठी उघडले नाही. १८९७ मध्ये साल्पेत्रियेर रुग्णालयात त्यांचे स्मारक उभारण्यात आले.

== नंतरचा प्रवास ==

दुशेन यांच्या मागे विद्युत्-उपचाराची लाट युरोपभर पसरली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती ओसरली. पुनरुज्जीवन झाले ते वेगळ्या वाटेने. १९६१ मध्ये लिबरसन व सहकाऱ्यांनी पक्षाघातात पाऊल लोंबणाऱ्या रुग्णांसाठी एक साधन तयार केले. टाच उचलताच गुडघ्याजवळील मज्जातंतूला वीज मिळे आणि पाऊल वर येई. त्याच दशकात अमेरिकेत विल्यम ग्लेन यांनी मध्यपटल-मज्जातंतूवर बसवता येणारे श्वसनसाधन विकसित केले. दुशेन यांच्या ग्रंथातील सूचना अशा रीतीने शतकभरानंतर व्यवहारात आली. वेदनाशमनासाठी कातडीवरून दिले जाणारे उद्दीपन १९६५ मधील मेलझॅक आणि वॉल यांच्या सिद्धान्तानंतर रूढ झाले, आणि औषधांना न जुमानणाऱ्या अपस्मारासाठी व्हेगस मज्जातंतूच्या उद्दीपनाला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली.

दुशेन स्नायुक्षयाचे मूळ १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सापडले : क्ष गुणसूत्रावरील एका जनुकातील दोषामुळे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन स्नायूंत तयार होत नाही. हा रोग मुख्यतः मुलग्यांनाच का होतो, याचा उलगडा त्यातून झाला.

दुशेन यांच्या निवडक लेखनाचा इंग्रजी अनुवाद पूर यांनी १८८३ मध्ये केला. हालचालींवरील ग्रंथाचा कॅप्लन यांनी केलेला अनुवाद १९४९ मध्ये, तर चेहऱ्यावरील ग्रंथाचा कथबर्टसन यांनी केलेला अनुवाद १९९० मध्ये प्रसिद्ध झाला.